वर दोन रुपये आहेत का?

कर्जतला गाडी थांबते ती घाटासाठी. पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना भोर घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, आणि ती लागेपर्यंतची काही मिनिटं वड्याची असतात. दिवाडकरांचा वडा गावोगाव पोचला तो या थांब्यामुळं. वड्याचं कौतुक पुष्कळ झालंय, आपण जरा विकणाऱ्याच्या हाताकडं बघू. डाव्या हाताच्या बोटांत उभ्या घड्या घातलेल्या नोटा असतात. दहाच्या एका फटीत, वीसच्या दुसऱ्या, पन्नासच्या तिसऱ्या. खिशात पाचाची नाणी. खिडकीतून नोट दिसली रे दिसली की पुडी सुटायच्या आत उजवा हात परतीच्या पैशांवर गेलेला असतो. तोंडानं ‘वडाऽऽ गरम’ आणि त्याच दमात ‘सुट्टे द्या, सुट्टे’. पाचशेची नोट पुढं करणाऱ्याला तो नाही म्हणत नाही, पण त्याचा नंबर शेवटी लागतो. शिट्टी झाल्यावर चारशेसाठ रुपये मोजत उभं राहणं दोघांनाही परवडणारं नसतं.

सुट्ट्या पैशांचे सगळे नमुने बघायचे तर कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांसारखी जागा नाही. इथं लोकल आहे, एक्स्प्रेस आहे, लाल एसटी आहे, द्रुतगती मार्गाचा टोलनाका आहे, अष्टविनायकातला एक गणपती आहे, माथेरानचे घोडे आहेत, शनिवार-रविवारी येणारे फार्महाउसवाले आहेत आणि डोक्यावर पाटी घेऊन डोंगर उतरणाऱ्या ठाकर-कातकरी बायाही आहेत. प्रत्येकाचा गल्ला वेगळा आणि त्यात चिल्लर नसली की काढायची वाटही वेगळी.

गल्ल्यावरचं गणित

किराणा दुकानात ४७ रुपये झाले. गिऱ्हाईक शंभराची नोट काढतं. दुकानदार विचारतो, ‘वर दोन रुपये आहेत का?’ गिऱ्हाईक दोन रुपये देतं, १०२ मधून ४७ गेले, ५५ परत. पन्नासची नोट, पाचाचं नाणं, काम खलास. वर सात रुपये निघाले तर आणखी चांगलं, सरळ साठ परत. हे गणित शाळेत कुणी शिकवत नाही. तरी चौथीतलं पोर आईबरोबर दोन-चारदा दुकानात गेलं की त्याला ते येतं. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र शंभराची नोट दिल्यावर वर आणखी पैसे कशाला, हे पहिल्या फटक्यात कळत नाही.

वर द्यायला काही नसलं की पर्यायी चलन बाहेर येतं. किराणावाल्याकडं चॉकलेट, काडेपेटी, शाम्पूची पुडी. मेडिकलवाल्याकडं हाजमोला, घसा धरल्यावरच्या गोळ्या, फार तर एखादी बँडेजची पट्टी. पानपट्टीवर लवंग-वेलची. भाजीवालीकडं ‘दोन रुपयांच्या मिरच्या टाकू का, ताई?’ या सगळ्यांत भाजीवालीचा पर्याय मला सर्वांत सरस वाटतो. मिरची घरी लागतेच, आणि ती दोन रुपयांना देते त्या मिरच्या खरोखर दोन रुपयांच्या असतात. चॉकलेटचं तसं नाही. ते दुकानदाराला घाऊक भावात पडतं आणि आपल्या पदरात छापील किमतीला येतं. शिवाय मधुमेही आजोबांना चॉकलेट देऊन हिशोब मिटवणं हे काही खरं नव्हे. चॉकलेट हे कायदेशीर चलन नाही. ‘नको, रुपयाच द्या’ असं म्हणायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे आणि तो संकोच न करता बजावावा. काही घरांत तर अशी चॉकलेटं बरणीत साठवून पुढच्या खेपेला त्याच दुकानदाराला पैशांच्या जागी देतात. दुकानदार ती घेतो का? हसून घेतो बऱ्याचदा. घ्यायलाच हवीत.

काडेपेटी ही या पर्यायी चलनातली सर्वांत स्थिर. २००७ मध्ये ती पन्नास पैशांवरून एक रुपयावर गेली आणि थेट १ डिसेंबर २०२१ ला दोन रुपयांवर. मधली चौदा वर्षं रुपयाला बरोबर एक काडेपेटी असा दर होता. एवढी वर्षं भाव धरून राहिलेली दुसरी वस्तू दुकानात शोधून दाखवा.

आणि आणखी एक मार्ग, ओळखीचा. ‘राहू दे, उद्या दे.’ गावातल्या दुकानात वहीच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढं २ किंवा ३ असा आकडा असतो. कधी दुकानदाराकडून येणं, कधी त्याला देणं. दोन रुपयांसाठी कुणी वही काढत नाही असं शहरात वाटेल, पण इथं काढतात आणि आठवणीनं फेडतातही. दोन रुपयांचा हा हिशोब चालू राहिला की माणूस पुन्हा त्याच दुकानात येतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

सव्वा रुपया गेला कुठं?

खोपोलीच्या अलीकडं, खालापूर तालुक्यात महडचा वरदविनायक आहे. पेशवाईत, १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी हे देऊळ बांधलं. देवाला बोललेला नवस किंवा भटजींची दक्षिणा म्हणजे सव्वा रुपया, सव्वापाच, सव्वाअकरा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता गंमत बघा. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. म्हणजे गेली कित्येक वर्षं नाण्यांत सव्वा रुपया देताच येत नाही. चाराणे पेटीत टाकले तरी देवस्थानाला ते वापरता येणार नाहीत. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण त्यानं दीड होतो, सव्वा नाही. मग लोकांनी काय केलं? अकरा, एकवीस, एकावन्न, एकशेएकवर सरकले. ‘वर एक’ टिकला, ‘वर पाव’ गेला.

याहून मोठी गंमत पुढं आहे. नाण्यात न मावणारा सव्वा रुपया मोबाइलमध्ये मावतो! यूपीआयवर १.२५ असा आकडा टाकला की पैसे बिनबोभाट पोचतात. जिथं दानपेटीशेजारी क्यूआर कोड लागलाय, तिथं आजीच्या नवसाची रक्कम पैशापर्यंत तंतोतंत देता येते. जुन्या नवसाला सर्वांत नवं यंत्र असं कामी आलं.

‘वर एक’वरून आठवलं. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला तो एक रुपया. लग्नसराईत स्टेशनरीच्या दुकानातून ही पाकिटं गठ्ठ्यानं जातात आणि गठ्ठ्यागणिक रुपयाची नाणीही बाजारातून उठतात. घरी आल्यावर पाकीट फाडायचं, नाणं सोलून काढायचं, मागचा डिंक पुसायचा. आहेरात आलेल्या एकएकच्या नाण्यांचा हा ढीग वैशाख संपता संपता पुन्हा किराणावाल्याकडं पोचतो.

देवळांत चिल्लर किती जमते याचा अंदाज शिर्डीवरून यावा. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या संस्थानाची नाणी ठेवायला जागा उरली नाही म्हणून काही बँकांनी ती घ्यायलाच नकार दिला होता. म्हणजे एकीकडं बँकेच्या तिजोऱ्या नाण्यांनी भरलेल्या आणि दुसरीकडं कर्जतच्या बाजारात दुकानदार म्हणतोय, सुट्टे नाहीत हो. नाण्यांची टंचाई ही बऱ्याचदा टंचाई नसतेच, ती चुकीच्या जागी साचलेली असतात. मुंबईत बेस्टकडं एवढी चिल्लर साठली की २०२०-२१ च्या सुमारास कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांतच द्यावा लागला. घरी पगार घेऊन येताना पिशवी जड!

तीन किलो रुपये

किती जड? २०१९ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.०९ ग्रॅम भरतं. नाणे कायदा २०११ सांगतो की रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर देणं म्हणून चालतात. म्हणजे हजाराचं बिल तुम्ही एकएक रुपयात चुकवायचं ठरवलंत तर दुकानदाराच्या पुढ्यात तीन किलोंहून जास्त धातू ओताल. हेच बिल वीसच्या नाण्यांत दिलंत तर पन्नास नाणी, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. आणि पन्नास पैशांची मर्यादा फक्त दहा रुपये, म्हणजे वीस नाणी. एकविसावं नाणं दुकानदारानं नाकारलं तर कायदा त्याच्या बाजूनं.

ते वीसचं नाणं हातात आलं तर जरा फिरवून बघा, त्याला बारा कडा आहेत. गोल नाण्यांच्या ढिगात बोटांनी ओळखता यावं म्हणून. ही मालिका ७ मार्च २०१९ ला आली ती दृष्टिहीनांच्या सोयीसाठीच. त्याआधीच्या नाण्यांनी डोळस माणसांनाही फार छळलंय. २००७ च्या सुमाराची ती हस्तमुद्रेची नाणी आठवतात? रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं, आणि आकारात फरक जेमतेम. संध्याकाळच्या उजेडात एसटीच्या किती कंडक्टरांनी त्यापायी पदरचे रुपये घातले असतील!

नाणं पालथं करा आणि सालाखाली बघा. छोटा हिरा असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. पावसात लोकल रखडली की पोरांना हा खेळ द्यावा, अर्धा तास निघतो.

दहाच्या नाण्याचं दुखणं वेगळं. एखादं नाणं रुपयाच्या चिन्हाचं, एखादं बिनचिन्हाचं. कुणी म्हणालं हे खोटं, आणि अफवा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला जाहीर सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. मुंबईत ती बिनधास्त चालतात, राज्याच्या कितीतरी भागांत मात्र दुकानदार अजून हात मागं घेतो. लोकलच्या वाटेवरच्या माणसाला हे दुखणं फारसं कळत नाही, घाटावर नातेवाइकांकडं गेलं की कळतं.

आणि पाचाची कागदी नोट? ती या सगळ्यांत दयनीय. घडीवर फाटलेली, तेलकट, आकडा पुसट. नाणी मिळेनात तेव्हा लोकांनी तिला प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घालून कडा मेणबत्तीवर चिकटवून टाकल्या आणि ती तशीच पाकिटासकट बाजारात फिरली. कुणी पाकीट उघडून आत खरंच नोट आहे का हे बघत नसे. आरपार दिसत होतं, तेवढं पुरे.

वाटा

आता माझ्या सर्वांत आवडीच्या गोष्टीकडं येतो. मृग लागला की कर्जतच्या चारफाट्यावर, नेरळला, खोपोलीत, स्टेशनच्या जिन्याखाली ठाकर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, पुढं कंटोळी. त्याआधी मे महिन्यात करवंदं, जांभळं. पुढ्यात तराजू नसतो. पळसाच्या नाहीतर सागाच्या पानावर छोटे-छोटे ढीग मांडलेले असतात. एक ढीग म्हणजे एक वाटा. वाटा दहाला, नाहीतर वीसला. एकोणीस नाही, साडेबारा नाही.

सुट्ट्यांचा प्रश्न मुळातच उपटून टाकणारी ही पद्धत आहे. वजनावर विकलं की १७ रुपये होतात, मग तीन रुपये कुठून आणायचे? इथं पैसा गोल ठेवलाय आणि माल कमी-जास्त होतो. भाव वाढला तर वाटा लहान होतो, किंमत तीच. घासाघीसही पैशांत होत नाही, मालात होते. ‘वर चार घाल ना गं, मावशी.’ मावशी चार करवंदं उचलून वर टाकते, दोन्ही बाजू खूश, गल्ल्याला हात लागलेला नाही. शेवळांच्या वाट्याबरोबर काकडं देतात ते मात्र ‘वर’चं नव्हे. ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही, म्हणून जाणती बाई ती मागून घेते आणि जाणती विकणारी आधीच ठेवते.

सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. त्या वेळी बाईच्या कमरेच्या पिशवीत जवळपास काहीच नसतं. घरून निघताना असतील ते पैसे जीपच्या भाड्यात गेलेले असतात. तेव्हा सात वाजता मुंबईहून आलेला पाहुणा एका वाट्यासाठी पाचशेची नोट काढतो. भवानी नाकारता येत नाही, ती अपशकुन. नोट मोडून आणता येत नाही, कारण टोपली सोडून जाणार कशी? मग शेजारीण उठते, चहावाल्याकडं जाते, चहावाला रिक्षावाल्याकडं. तिघा-चौघांच्या खिशांतून सुट्टे जमतात. त्या दहा रुपयांच्या पानामागं एवढी धावपळ असते. पैसे हातात आले की बाई नोट कपाळाला लावते आणि मग कमरेला खोचते.

हल्ली टोपलीला क्यूआर कोड टांगलेला दिसतो. बरेचदा तो मुलाच्या किंवा भाच्याच्या नावाचा असतो. पैसे आले की नाही हे तिला संध्याकाळी घरी गेल्यावर कळतं, कारण फोन त्याच्याकडं असतो. ‘आले काय रं?’ असं ती शेजारच्या दुकानदाराला विचारते, आणि त्यानं गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर बघून मान हलवली की विश्वास ठेवते. डोंगराच्या कुशीत रेंज नसेल तर तेही नाही.

या वाट्याचं शहाणपण किती पक्कं आहे हे २०२५ मध्ये भल्याभल्यांना कळलं. २२ सप्टेंबरपासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. हिशोबानं पाच रुपयांचा पुडा ४ रुपये ४५ पैशांना व्हायला हवा. पण पंचेचाळीस पैसे द्यायचे कसे? चाराणे तर चौदा वर्षांपूर्वीच गेलेले. बऱ्याच कंपन्यांनी मग पाच रुपये पाचच ठेवून पुड्यातला माल वाढवायची वाट धरली. महागाईत उलटं होतं, पुडा पाचाचाच राहतो आणि बिस्किटं कमी होतात. म्हणजे चारफाट्यावरची मावशी पानावर जे करते तेच. फरक एवढाच की मावशीचा वाटा उघडा असतो, किती आहे ते डोळ्यांना दिसतं.

तिकिटामागची बाकी

कर्जत आगाराच्या एसटीनं आडगावांत गेलात तर कंडक्टरची एक जुनी रीत अजून दिसते. सुट्टे नसले की तिकीट पालथं करून त्यामागं येणं बाकी लिहायचं, खाली सही नाहीतर फक्त एक फराटा. उतरताना ते दाखवायचं आणि पैसे घ्यायचे. नेहमीचे प्रवासी विसरत नाहीत. विसरतात ते झोपलेले आणि संकोची.

या वादावर महामंडळानं जून २०१८ मध्ये १८ टक्के भाडेवाढीबरोबर एक तोडगा काढला होता. भाडी पाचाच्या पटीत. सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. काही वर्षं शांततेत गेली. मग १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. ही सवलत फारच मोलाची, बाजाराला येणाऱ्या बायांची गर्दी तिनं वाढवली. पण पंधराचं अर्धं किती? पुढं २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि पाचाच्या पटीत न बसणारे आकडे तिकिटावर परत आले. पुन्हा ‘सुट्टे काढा, सुट्टे काढा’. आता मशीनवर यूपीआयची सोय असते, तरी पदराच्या गाठीतून नेमके पैसे काढून देणाऱ्या म्हातारीइतकं कंडक्टरला कुणीच आवडत नाही.

लोकलनं मात्र पाचाचा नेम मोडलेला नाही. सेकंड क्लासचं तिकीट पाचपासून सुरू आणि पाचापाचानं वर. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली या छोट्या फाट्यावरही तेच. पूर्वी कूपनांची वही असे, यंत्रात घालून शिक्का मारायचा. कूपन म्हणजे आगाऊ घेतलेली चिल्लरच.

द्रुतगती मार्गावरचा खालापूर टोलनाका तर आता नाण्यांचं नावच घेत नाही. पण आकडे बघा. मुंबई–पुणे मोटारीचा टोल २०११ ला १६५ होता, २०१४ ला १९५ झाला. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ ठरलेली, त्यामुळं आकडा जिकडं पडेल तिकडं गोल करायचा. तेव्हा दोनशेची नोट नव्हती (ती आली २५ ऑगस्ट २०१७ ला). शंभराच्या दोन नोटा द्यायच्या आणि पाच रुपयांसाठी खिडकीशी थांबायचं, मागून हॉर्न. राज्यातल्या कितीतरी नाक्यांवर त्या पाचाच्या जागी चॉकलेट किंवा बिस्किटाचा पुडा हातात पडायचा. पुढं २३०, २७० आणि १ एप्रिल २०२३ पासून ३२०, सगळे दहाच्या पटीत. १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि खिडकीतून हात बाहेर काढायचं कारणच उरलं नाही.

आण्याचे सहा पैसे

सुट्ट्यांचा घोळ आजचा नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. नव्या हिशोबात रुपयाचे शंभर नये पैसे, म्हणजे आण्याला सव्वासहा. सव्वासहाचं नाणं कसं काढणार? सरकारी तक्ता असा होता: एक आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. आता हिशेबी गिऱ्हाइकानं काय केलं असेल? आण्याची वस्तू चारदा वेगवेगळी घेतली तर २४ पैसे, एकदम चार घेतल्या तर २५! दुकानदाराशी हुज्जत घालायला याहून छान निमित्त मिळणार नाही. ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला, पण चाराणे-आठाणे बोलण्यात अजून आहेत.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला १९४३ ते १९४७ या काळात भोकाचा पैसा निघाला. मधोमध गोल भोक, त्यामुळं दोऱ्यात ओवून ठेवता येई. पहिल्या महायुद्धात चांदी आटली तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली आणि १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची, दोन रुपये आठ आणे अशी छापलेली. एक रुपयाची नोट आजही रिझर्व्ह बँकेची नाही, ती भारत सरकारची. तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवाची सही असते. जवळ असेल तर काढून बघा.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं, रायगडावरचं. १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर सोन्याचा होन निघाला त्याचं कौतुक सर्वांना असतं. पण बाजारहाट चालला तो तांब्याच्या शिवराईवर. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडं ‘छत्रपति’. मीठ-मिरची आणणाऱ्या बाईच्या हातात राजाचं नाव पोचवलं ते या चिल्लरीनं. पेशवाई बुडाल्यावरही कितीतरी वर्षं शिवराई बाजारात फिरत राहिली, लोकांनी ती सोडली नाही.

जगातही हेच. इटलीत १९७० च्या दशकात चिल्लर एवढी आटली की बँकांनी छोटे-छोटे चेक छापले, दुकानदार गोळ्या आणि टेलिफोनची टोकनं परत देऊ लागले. झिम्बाब्वेत अमेरिकी डॉलर आला पण सेंट आले नाहीत, मग गिऱ्हाइकाला पेन, गोळ्या नाहीतर चिठ्ठी मिळे. डिसेंबर २०१४ मध्ये त्यासाठी खास नाणी काढावी लागली. कॅनडानं ४ फेब्रुवारी २०१३ पासून सेंटचं नाणं वाटणं बंद केलं. रोखीचं बिल पाच सेंटांवर गोल होतं, कार्डाचं नेमकं राहतं. टोरंटोतल्या मराठी घरांत त्या दिवसापासून चॉकलेटचा प्रश्न उद्भवलेला नसेल.

चिल्लर कुठून येते?

दुकानदाराला विचारा, तो यादी सांगेल. सकाळी दूधवाला. दुपारी एसटीचा ओळखीचा कंडक्टर. देवळाचे विश्वस्त पेटी उघडतात तो दिवस. गणपतीत आरतीचं तबक. शिमग्यात रस्त्यावर दोरी धरून पोस्त मागणाऱ्या पोरांची टोळी, संध्याकाळी नाण्यांचा डबा घेऊन नोटा करून घ्यायला येते. आणि सर्वांत मोठा खजिना म्हणजे जत्रेतून आणलेला मातीचा गल्ला. ‘फोडलास की इकडंच आण हं,’ असं दुकानदार पोराला आधीपासून सांगून ठेवतो. पोर येतं, नाणी दहा-दहाच्या चळतींत रचतं, आणि पाचशेची कोरी नोट घेऊन उड्या मारत जातं. दोघांनाही आपण जिंकल्यासारखं वाटतं आणि दोघंही बरोबर असतात. जिथं अशी ओळख नाही तिथं शंभराच्या सुट्ट्यांसाठी दोन-पाच रुपये वर मोजावे लागतात.

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये एक यंत्र जाहीर केलं, क्यूआर कोड स्कॅन करा आणि नाणी घ्या, नोट घालायची गरज नाही. बारा शहरांतल्या १९ ठिकाणांपासून सुरुवात करायचं ठरलं. एखादं कर्जत स्टेशनच्या जिन्याशी बसवलं तर माझ्या मते ते सर्वांत जास्त चालेल. वडेवाले, कंडक्टर, रिक्षावाले आणि पाटीवाल्या बाया, सगळे एकाच वळणावर भेटतात.

ते होईल तेव्हा होईल. या पावसाळ्यात तुम्ही भटकायला येणार असाल, कोंडाण्याच्या लेण्यांना, पेठच्या किल्ल्यावर, माथेरानला, तर निघायच्या आदल्या दिवशी बँकेतून नाहीतर घरच्या गल्ल्यातून दहा आणि वीसच्या नोटा काढून ठेवा. घोडेवाल्याला, चहावाल्याला फोनवर पैसे द्या, हरकत नाही. पण रस्त्याकडेच्या टोपलीतून शेवळं घ्याल तेव्हा नोट हातात द्या. आणि सकाळी तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक असाल तर एका वाट्याऐवजी दोन घ्या आणि काकडं मागायला विसरू नका.